अनोळखी गाण्याकडे तुम्ही कुठल्या वाटेने गेलात?

एकतारी

आमच्या खालच्या मजल्यावर एक इथिओपियन विद्यार्थी भाड्याने राहतो. पुण्यात पीएचडी करतोय. रविवारी सकाळी त्याच्या स्वयंपाकघरातून कांदा परतल्याचा वास येतो आणि मोबाइलवर लावलेली गाणी ऐकू येतात.

माझे बाबा चाळीस वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवताहेत. गेल्या पावसाळ्यात दुधाची पिशवी घेऊन वर येताना ते जिन्यातच थांबले. काय झालं म्हणून मी वरून विचारलं, तर हातानेच गप्प बस म्हणाले. मग हळूच, "गुणक्री लावलाय कुणीतरी. पण भाषा कळत नाही."

मी सहा वर्षं गाणं शिकले आहे. मलाही गुणक्री रागाचे स्वर स्पष्ट ऐकू येत होते. सा, कोमल रे, मध्यम, पंचम, कोमल धैवत, बस्स. बाबांनी त्याचं दार वाजवलं आणि त्याने उघडल्याबरोबर तेच पाच स्वर गुणगुणून दाखवले. तो मुलगा आधी गोंधळला, मग हसला आणि म्हणाला, "अंबासेल." आमच्याकडे याला अंबासेल म्हणतात.

त्या दिवसापासून मी इथिओपियाचं संगीत ऐकते आहे. तिथे पाच स्वरांच्या चार मुख्य रचना मानतात. तिझिता, बाती, अंबासेल आणि अंचिहोये. तिझिताचा एक प्रकार भूप रागाचेच स्वर घेऊन येतो, बातीचा एक प्रकार धानी रागाचे. ‘तिझिता’ या शब्दाचा अर्थच आठवण, हुरहूर. आमच्या मुलाने (आता तो ‘आमचा’ झालाय) ‘एथिओपीक्स’ नावाच्या मालिकेपासून सुरुवात करायला सांगितलं. फ्रान्सिस फाल्सेतो या फ्रेंच माणसाने १९९७ पासून जुनी इथिओपियन ध्वनिमुद्रणं एकेक करून त्या मालिकेत पुन्हा प्रकाशित केली. चौथ्या भागात मुलातू अस्तात्के आहे, ज्याने बॉस्टनला जाऊन जॅझ शिकून घेतला आणि घरच्या पाच स्वरांत आणून मिसळला. एकविसाव्या भागात एमाहोय त्सेगे-मरियम गेब्रू ही पियानो वाजवणारी जोगीण आहे. ती २०२३ मध्ये जेरुसलेममध्ये वारली, ९९ वर्षांची होऊन. तिचा पियानो पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी इस्त्री करत होते. इस्त्री बंद करून खाली बसले.

त्या गाण्यांत सॅक्सोफोन, ट्रम्पेट इतके कुठून आले, हाही प्रश्न मला पडला होता. १९२४ मध्ये तेव्हाचे युवराज आणि पुढचे सम्राट हैले सेलासी जेरुसलेमला गेले असताना तिथल्या चाळीस आर्मेनियन अनाथ मुलांना सोबत घेऊन आले. ही मुलं बँड वाजवणारी होती, त्यांचाच राजदरबारी बँड झाला. त्यानंतर लष्कराचे, पोलिसांचे बँड आले आणि त्यांच्यातले वादक रात्री आदिस अबाबाच्या हॉटेलांत वाजवू लागले. १९७४ साली सत्ता लष्कराकडे गेली, संचारबंदी लागली आणि ते रात्रीचं वाजवणं जवळजवळ बंद पडलं. त्या मालिकेतली बरीच गाणी त्या आधीच्या थोड्याच वर्षांतली आहेत हे कळल्यावर ती मला वेगळी ऐकू येऊ लागली.

आणि बेगेना! दहा तारांचं, माणसाच्या छातीएवढं उंच वाद्य, उपासाच्या दिवसांत प्रार्थनेला वाजवतात. त्याच्या तारा आणि घोडीच्या मध्ये चामड्याच्या बारीक पट्ट्या अडकवलेल्या असतात, त्यामुळे प्रत्येक तार गुंजते. अकराव्या भागात आलेमू आगा यांचं बेगेना आहे. ते लावल्यावर बाबा फक्त एकच शब्द बोलले: "जवारी." म्हणजे तंबोऱ्याच्या तारेचं गुंजन.

ॲप मला रोज गाणी सुचवतं. पण त्याने मला इथिओपियाला कधीच नेलं नसतं, बाबांच्या कानाने नेलं. म्हणून हा धागा काढते आहे. नुसती लिंक टाकू नका. कुठल्या ओळखीच्या खुणेवरून कुठल्या अनोळखी गाण्याकडे गेलात, ते लिहा. सूर असो, ठेका असो, वाद्य असो, नाहीतर एखादा शब्द.

सायलीचा_वेल

काय सुंदर लिहिलंय. वाचनखूण साठवली आहे. जिन्यातले बाबा डोळ्यांसमोर उभे राहिले.

मांडवीकाठ

मी मडगांवचा. माझी खूण म्हणजे घुमट. मातीचं मडकं, एका तोंडाला कातडं. चवथीला आमच्या घरी घुमट-आरत्या होतात, सोबत शामेळ आणि कासाळे. आणि तेच घुमट शेजारच्या ख्रिस्ती घरात लग्नाला मांडो या कोंकणी गाण्यांच्या साथीला व्हायोलिनबरोबर वाजतं. लहानपणी मला वाटायचं दोन वेगळी वाद्यं आहेत. पूर्वी त्याला घोरपडीचं कातडं असायचं, आता कायद्याने बंदी आहे, बकऱ्याचं लावतात. २०१९ मध्ये गोवा सरकारने त्याला राज्याचं वारसा वाद्य जाहीर केलं.

मांडो संथ असतो. विरहाचा असतो. सासष्टीच्या मोठ्या घरांच्या दिवाणखान्यांत तो वाढला. तीस वर्षांपूर्वी कुवेतमध्ये नोकरीला असताना एका खोलीतल्या सोबत्याने सेझारिया एव्होराची कॅसेट लावली आणि मी विचारलं, ही कुठल्या गावची? मला वाटलं जुनी कोंकणी गायिका असेल. ती निघाली आफ्रिकेच्या पश्चिमेला समुद्रातल्या केप व्हर्द बेटांवरची, मिंदेलो बंदरातली. तिथल्या या गाण्याला मोर्ना म्हणतात. तरुणपणापासून बंदरातल्या बारमध्ये गायली, जगाला कळली तेव्हा पन्नाशी उलटली होती. रंगमंचावर अनवाणी उभी राहायची. शब्द एक कळत नव्हता, फक्त ‘सोदाद’ कळला, कारण आमच्या आजीच्या बोलण्यात ‘सावदाद’ होता.

तेव्हापासून मी पोर्तुगीज जहाजांच्या मागे लागलो आहे. जिथे जिथे ती गेली तिथे एक लहानशी गिटार ठेवून आली. जकार्ताच्या उत्तर भागात तुगू नावाची वस्ती आहे. हिंदुस्थानच्या किनाऱ्यांवरून डचांनी नेलेल्या, पोर्तुगीज बोलणाऱ्या लोकांची. त्यांचं क्रोंचाँग ऐका. १८७९ मध्ये मादेइराहून मजुरांना घेऊन एक जहाज होनोलुलूला पोहोचलं, त्यांच्याजवळच्या छोट्या गिटारीची तिथे उकुलेले झाली.

षड्ज_पंचम

धागा चांगला आहे, पण एक गोष्ट नमूद केल्याशिवाय राहवत नाही. मी मिरजेत गाणं शिकवतो, त्यामुळे रोज हेच समजावत असतो.

स्वर सारखे म्हणजे राग सारखा नव्हे. भूप आणि देशकार घ्या. दोघांचे स्वर तेच पाच. पण भूप गंधारावर विसावतो, देशकार धैवतावर. भूप पूर्वांगात रमतो, देशकार उत्तरांगात. एक रात्रीच्या पहिल्या प्रहरी, एक सकाळी. देशकार गाताना विद्यार्थी गंधारावर जरा जास्त रेंगाळला की भूप आत शिरतो आणि मी थांबवतो. आपल्याच घरात पाच स्वरांचे असे दोन राग होतात, तर हजारो मैलांवरच्या अंबासेलला गुणक्री म्हणणं घाईचं आहे. गुणक्रीचा कोमल रे आणि कोमल धैवत भैरव अंगाने आंदोलित व्हायला हवेत. तिथे ते तसे होतात का?

जवारीबद्दल मात्र बाबांना नमस्कार सांगा. आमच्या गावात तंबोऱ्याच्या घोडीची जवारी काढणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या बसले आहेत. घोडीचा माथा कानसीने किती घासायचा ते फक्त कान सांगतो, मग तारेखाली दोरा सरकवून गुंजन जागेवर आणायचं. चामड्याच्या पट्टीने तेच काम करणारे लोक जगात आहेत हे मला माहीत नव्हतं. ही गोष्ट मी त्यांच्यापैकी एकाला सांगितली. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, चामडं उन्हाळ्यात सैल पडत असणार.

एकतारी

@षड्ज_पंचम सर, मान्य. अगदी मान्य. तिथे रे आंदोलित होत नाही, गळ्यातच वेगळी, घट्ट थरथर असते आणि तीच त्या गाण्याची ओळख आहे. ‘अंबासेल म्हणजे गुणक्री’ असं मला म्हणायचं नाही. गुणक्री ओळखीचा होता म्हणून बाबा जिन्यात थांबले, एवढंच म्हणायचं आहे. थांबल्यानंतर जे ऐकलं ते गुणक्री नव्हतंच.

आता तुमच्याकडूनच शिकलेल्या मंडळींसाठी एक गंमत. आपण मूर्च्छना करतो तशी इथे करून पाहा. गुणक्रीच्या मध्यमाला सा माना. सा रे कोमल ग प कोमल ध मिळतील. हे तिझिताच्या दुसऱ्या, उदास प्रकाराचे स्वर. आणि भूपाच्या धैवताला सा मानलं की धानीचे स्वर येतात, म्हणजे बातीचे. बाबांनी हे पेटीवर करून दाखवलं तेव्हा खालचा मुलगा जमिनीवर मांडी घालून बसला होता, तो उठून उभा राहिला.

सात_मात्रा

मी तबला वाजवतो, सध्या मुक्काम जर्मनी. माझी खूण रूपक ताल.

इमारतीत एक मॅसेडोनियन कुटुंब आहे. त्यांच्या मुलीच्या लग्नाला गेलो. जेवणानंतर सगळे हात धरून गोलात नाचायला लागले आणि माझी बोटं आपोआप मांडीवर रूपक वाजवायला लागली. ती ती ना धी ना धी ना. तीन-दोन-दोन. पावलंही तशीच, पहिलं लांब, मग दोन आखूड. या नाचाला लेस्नोतो म्हणतात. सत्तर वर्षांच्या आजी सात मात्रांत चालत होत्या आणि कुणी मोजत नव्हतं! मला सात मात्रा अंगात मुरायला दोन वर्षं लागली होती.

शेजारच्या बल्गेरियात राचेनित्सा आहे, तीही सातच, पण दोन-दोन-तीन. लांब पाऊल शेवटी. तेवढ्यानेच अंगाला झटका बसतो. कोपानित्सा तर अकरा मात्रांची, दोन-दोन-तीन-दोन-दोन. तबलजींनी बसून टाळी द्यावी, मजा येते. बल्गेरियन बायकांचं समूहगान ज्यांनी ऐकलं नसेल त्यांनी रात्री दिवा मालवून ऐकावं. दोन आवाज एकमेकांना इतके चिकटून गातात की आपण ज्याला बेसूर म्हणू तिथेच ते मुद्दाम थांबतात, आणि कानाला ते हळूहळू गोड लागायला लागतं.

गलबत

रत्नागिरीचा, जहाजावर इंजिनियर.

सुराबाया बंदरात उतरलो होतो. चहाच्या टपरीवर रेडिओ. ढोलकी आमची, बासरी आमची, चाल हिंदी सिनेमाची, भाषा त्यांची. टपरीवाल्याला विचारलं हे काय, तर म्हणाला, "दांगदुत." ठेक्यातल्या ‘दांग’ आणि ‘दुत’ या बोलांवरूनच नाव पडलंय. आपण धिन्‌ ता म्हणतो तसं. मलाय वाद्यवृंद आणि आपल्या सिनेमाची गाणी यांतून ते घडलं, आणि सत्तरच्या दशकात रोमा इरामा यांनी त्यात इलेक्ट्रिक गिटार आणली. दांगदुत ऐकताना मला आपल्या गावच्या वरातीची आठवण येते, हे मी मनापासून लिहितोय.

जहाजावर आम्ही एक पद्धत ठेवली आहे. शनिवारी जेवणाच्या टेबलावर एकाने आपल्या गावचं एक गाणं लावायचं आणि ते कधी गातात ते सांगायचं. फक्त एक. फिलिपिनो, युक्रेनियन, घानाचा एक पोरगा. सगळे शेवटपर्यंत ऐकतात, कारण सांगणारा समोर बसलेला असतो. मी पहिल्यांदा जाखडीचं गाणं लावलं आणि गणपतीत गोल करून कसे नाचतो ते जागेवरच दाखवलं. तो घानाचा पोरगा दुसऱ्या कडव्याला माझ्यामागे पाय टाकत होता.

नवा_कान

सगळं वाचलं. पण मला राग कळत नाही, मात्रा मोजता येत नाहीत, घरात कुणी गात नाही. मी चोवीस वर्षांचा आहे, ॲप जे लावतं ते ऐकतो आणि तीन वर्षं तेच तेच येतंय. माझ्यासारख्याने खूण कुठून आणायची?

दादर_लोकल

@नवा_कान, मलाही राग कळत नाहीत रे. माझी खूण म्हणजे गाण्यामागे कोण वाजवतंय त्याचं नाव. तुला आवडणारं एक गाणं घे, त्यातला गिटारवाला शोध, त्याने आणखी कुठे वाजवलंय ते ऐक. मी असाच चरणजित सिंग यांच्यापर्यंत पोहोचलो. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात गिटार वाजवायचे, मुंबईत राहायचे. १९८२ मध्ये त्यांनी तीन जपानी यंत्रं घेतली, दोन सिंथेसायझर आणि एक ताल वाजवणारं, आणि भैरव, ललित, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून रेकॉर्ड काढली. फारशी खपली नाही. त्यातलं जे छोटं यंत्र होतं, टीबी-३०३, ते मुळात गिटारवाल्यांना सरावाला बेसची साथ मिळावी म्हणून काढलेलं. तेही चाललं नाही, १९८४ मध्ये कंपनीने बंद केलं. मग शिकागोच्या पोरांनी ते जुन्या बाजारातून स्वस्तात उचललं आणि १९८७ च्या सुमारास त्यातून ‘ॲसिड हाउस’ नावाचं नाचाचं संगीत जन्मलं. २००२ साली एका डच संग्राहकाला दिल्लीत चरणजित सिंग यांची रेकॉर्ड सापडली, २०१० मध्ये ती पुन्हा निघाली, आणि ऐकणारे थक्क झाले. शिकागोच्या पाच वर्षं आधी हाच आवाज मुंबईत!

मला वाटतं याचं कारण साधं आहे. त्या यंत्रात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. राग वाजवणाऱ्याला पहिल्यांदा काय हवं असतं? मींड. त्यांनी ती सोय बरोबर ओळखली. २०१५ मध्ये ते गेले, पण त्याआधी युरोपात त्यांचे कार्यक्रम झाले, हे मला फार बरं वाटतं.

आणि रेडिओ गार्डन उघड. पृथ्वीचा गोल दिसतो, बोट ठेवशील त्या गावचा रेडिओ लागतो. २०१६ मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झालं. रोज एक गाव, पंधरा मिनिटं, बोट हलवायचं नाही.

षड्ज_पंचम

चरणजित सिंग यांचा भैरव ऐकला. मला पटला नाही. ऋषभ सरळ उभा आहे. कल्पना धाडसी आहे, हे मान्य करतो.

कावेरीतीर

मी चेन्नईची. आमच्या घरात तंजावरची मराठी बोलतात, त्यामुळे लिहिताना चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

तुम्ही सगळे मराठीतून बाहेर गेलात, मी बाहेरून मराठीत आले. माझी खूण साकी आणि दिंडी हे मराठी पद्यप्रकार. आमच्याकडे हरिकथा सांगणारे तमिळमध्ये कथा सांगता सांगता मध्येच साकी म्हणतात, दिंडी म्हणतात, ओवी म्हणतात.  लहानपणी मला ते सगळं तमिळच वाटे. एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रातले कीर्तनकार तंजावरला यायचे, त्यांचं ऐकून तंजावूर कृष्ण भागवतरांनी ही हरिकथा घडवली, हे फार नंतर समजलं. म्हणजे जे तमिळ समजून ऐकत वाढले ते नारदीय कीर्तनाचं भावंड होतं. तिथून मी अभंगांकडे आले. अरुणा साईराम यांचे अभंग आधी ऐकले, मग पंढरीच्या वाटेवर चालणाऱ्या वारकऱ्यांचे. दुसरे ऐकल्यावर रडले. टाळ इतके मोठे वाजत असतील अशी कल्पना नव्हती.

सरफोजीराजांच्या काळात तंजावरच्या दरबारात पाश्चात्य बँड होता. आर्मेनियन मुलांच्या बँडचं वाचून तो आठवला.

मांडवीकाठ

@एकतारी, गिटारीचं राहिलंच होतं. होनोलुलूला गिटार मांडीवर आडवी ठेवून तारेवर लोखंड सरकवायची तऱ्हा निघाली. टाउ मो नावाचे हवाईचे वादक चाळीसच्या दशकात कुटुंबासह कोलकात्यात राहून ती वाजवत, शिकवत. पुढे ब्रिजभूषण काबरा यांनी त्याच गिटारीवर राग वाजवले. विश्वमोहन भट्ट यांनी तिला तरफा, म्हणजे आपोआप झंकारणाऱ्या तारा, लावून मोहनवीणा केली आणि राय कूडर या अमेरिकन गिटारवाल्याबरोबर वाजवून १९९४ मध्ये ग्रॅमी घेतलं. तोच कूडर मालीतल्या अली फार्का तूरेबरोबरही बसला. तूरे नायजर नदीकाठच्या निआफुंके गावचा, शेतकरी. त्याची गिटार ऐका आणि मग आपली एकतारी ऐका. एकाच सुरावर किती वेळ थांबता येतं ते दोघांनाही ठाऊक आहे.

नवा_कान

रेडिओ गार्डनवर काल रात्री मिंदेलो लावलं. बातम्या चालू होत्या. तरी पंधरा मिनिटं बोट हलवलं नाही. अकराव्या मिनिटाला एक बाई गायली. नाव माहीत नाही. आज पुन्हा त्याच वेळी लावणार आहे.

एकतारी

@नवा_कान, नाव कळलं की इथे लिही.

सगळ्यांना एक सांगायचं आहे. इथिओपियाचं नवं वर्ष ११ सप्टेंबरच्या सुमारास येतं, यंदा ते गणपतीत आलं. खालचा मुलगा आरतीला वर आला, येताना क्रार घेऊन आला. सहा तारांचं, हातात मावेल असं वाद्य. बाबांनी पेटीवर काळी दोन धरली, त्याने तारा त्या सुरात लावून घेतल्या. आधी अंबासेल झालं, मग तिझिता. बाबा मागून जात होते.

मग त्याने अंचिहोये छेडलं. तिकडे लग्नाच्या गाण्यांत ते असतं म्हणे. बाबांचा हात पेटीवर थांबला. सा, कोमल रे, शुद्ध मध्यम, त्याला लागून तीव्र मध्यम, मग एकदम शुद्ध धैवत. पंचम नाही, गंधार नाही, निषाद नाही. बाबांनी त्याला तीनदा वाजवायला लावलं. कुठलाच राग सापडेना. आठवडा झाला, रोज सकाळी दूध तापेपर्यंत पेटी काढून तेच पाच स्वर वाजवत बसतात.

षड्ज_पंचम सर, तुम्हाला काही सुचतंय का?

षड्ज_पंचम

दोन मध्यम लागून ललितात येतात, पण तिथे गंधार आहे, निषाद आहे. हा ललित नाही. आत्ता तंबोरा लावून गाऊन पाहिलं. तीव्र मध्यमावरून धैवतावर जाताना गळा अडखळतो, पंचमाची सवय आडवी येते. परतताना मात्र रस्ता सापडतो.

मी याला नाव देणार नाही. तो मुलगा कसं गातो ते मोबाइलवर मुद्रित करून पाठवाल का? वाद्य नको, नुसता गळा. गुरुवारी माझ्या वर्गात अकरा विद्यार्थी असतात, त्यांच्यासमोर लावायचं आहे.